ताटात ठेवलेला घास

मुंबईच्या विमानतळावर, परदेशी विमानांच्या बाजूला असलेल्या लाउंजमध्ये, माझे बाबा एका भल्यामोठ्या मऊ खुर्चीच्या अगदी काठावर बसले होते. पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर. चार पावलांवर जेवण मांडलेलं होतं. भात, डाळ, पुऱ्या, भाज्या, इडल्या, कापलेली फळं, आणि मला नावंही न येणारे कितीतरी गोड पदार्थ. गोंदियाहून रात्रीच्या गाडीनं आलो तेव्हापासून बाबांच्या पोटात एका चहाशिवाय काही गेलं नव्हतं.

"बाबा, चला. जेवून घेऊ."

"कोनाचं आवतन आहे?" बाबांनी विचारलं.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि डोक्याला हात लावला.

आवतन म्हणजे जेवणाचं निमंत्रण. आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, केशोरीजवळ. तिथे लग्न असो, तेरवी असो, नाही तर नुसती घरभरणी, आवतन दिल्याशिवाय कोणी कोणाच्या दारी जेवायला जात नाही. त्यातही प्रकार आहेत. घरातल्या एकालाच बोलावलं तर एकच जातो. 'चूलबंद आवतन' दिलं की सगळं घर जातं आणि त्या दिवशी त्या घरची चूल पेटत नाही. एवढ्यावर भागत नाही. पान वाढायच्या वेळी पुन्हा एकदा कोणीतरी दारात येऊन "जेवाले चला" म्हणावं लागतं. ते म्हणणारा माणूस आमच्या गावात वर्षानुवर्षं एकच होता, आणि तो आता माझ्यासमोर पिशवी सांभाळत बसला होता. कोणाच्याही घरचं कार्य असलं तरी शेवटची हाक बाबांची. त्यांचा आवाज गावाच्या या टोकाला निघाला की त्या टोकाची माणसं हात धुवायला उठत. ज्या माणसानं उभ्या गावाला बोलावून जेवू घातलं, तो न बोलावता ताटाला हात लावेल, हे माझ्या डोक्यात तरी कसं आलं कोण जाणे.

"बाबा, हे तिकिटातच आहे. बाईनं सगळं भरून दिलं आहे. कोणी बोलवायला येत नसतं इथं."

"मंग कायचं जेवन?" बाबा म्हणाले आणि खिडकीबाहेरची विमानं पाहू लागले.

बाई म्हणजे माझी धाकटी बहीण. कॅनडात असते. लाउंजचा हट्ट तिचाच. बाबांना बाहेरच्या लोखंडी बाकावर ताटकळत ठेवू नकोस, आत नीट बसव, पोटभर खाऊ घाल, असं तिनं मला फोनवर चारचारदा बजावलं होतं. मी गोंदियाला शाळेत गणित शिकवतो, शेजारच्या कुडव्याला राहतो, आणि मलाही लाउंजचा अनुभव त्या दिवसापर्यंत नव्हता. पण तिच्यासमोर मी सगळं माहीत असल्यासारखा हो हो करत राहिलो. मोठ्या भावाला तेवढं करावंच लागतं.

तिच्या काळजीला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी आई गेली, आणि बहीण तिकडून पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तेव्हापासून बाबांचं जेवण तुटलं. मी त्यांना कुडव्याला घेऊन आलो. माझी बायको त्यांच्या आवडीचं करायची, ताजा भात, आंबट वरण, वांग्याची भाजी. बाबा पाटावर बसायचे, दोन घास खायचे आणि आम्ही पोळी वाढेपर्यंत हात धुऊन मोकळे. डॉक्टरांना दाखवलं. सगळं ठीक निघालं. व्हिडिओ कॉलवर बहीण त्यांच्या गालांकडे बघत राहायची आणि मग कॅमेरा बाळाकडे वळवायची. ते बाळ बाबांनी अजून प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. या घरात, या गावात ते आईशिवाय जेवूच शकणार नाहीत, तिच्याकडे कॅनडात गेले तर कदाचित जेवतील, असं बहिणीनं मनाशी पक्कं धरलं होतं. मलाही ते पटलं होतं. नाही तरी आम्ही दुसरं काय करू शकत होतो?

बाबांना मात्र पटलं नव्हतं. व्हिसा आला तेव्हा त्यांना शेताच्या बांधीतलं धान आठवलं. तिकीट आलं तेव्हा गुडघा दुखू लागला. गोंदिया स्टेशनवर आमची गाडी यायची होती तर दुसऱ्या फलाटाकडे बोट दाखवून म्हणाले, "बाबू, अजून टाइम आहे. मले बल्लारशाच्या गाडीत बसवून दे. अर्जुनीले उतरतो, तिथून गावाले मी माह्या मनानं जातो." मुंबईत टॅक्सीत बसतानाही विचारलं, "इथून वापस जाचं असन तं कसं?" मला ठाऊक होतं, या वेळी परत फिरले तर हा माणूस पुन्हा कधीच निघणार नाही. बहिणीकडे एक पोर, माझ्याकडे शाळा, आणि बाबा दिवसेंदिवस वाळत चाललेले. म्हणून शाळेच्या सुट्टीत मीच त्यांना पोचवायला सोबत निघालो होतो, आणि विमानात बसेपर्यंत त्यांचा हात सोडायचा नाही असं ठरवलं होतं.

तर आवतनाचा प्रश्न उभा होता. मी एक ताट भरून त्यांच्यापुढे आणून ठेवलं. त्यांनी ते माझ्याकडे सरकवलं. "तू खा." मी चिडलो. माझा राग नाकावर असतो, हे आमच्या शाळेच्या शिपायापासून सगळ्यांना माहीत आहे. "आता काय लाउंजच्या मालकाला बोलावून आणू?" असं मी म्हणालो, तेही जरा मोठ्यानंच.

टेबलं पुसणाऱ्या एका बाईंनी ते ऐकलं असावं. चाळिशीच्या, गणवेशातल्या, हसऱ्या. त्या जवळ आल्या आणि अगदी सहज म्हणाल्या, "काका, गरम पुऱ्या आल्यात आत्ता. बसा ना जेवायला."

बाबा उठले. पिशवी माझ्याकडे दिली. "हं," म्हणाले, "आता बरोबर."

मी त्या बाईंकडे बघतच राहिलो. त्यांना काय कल्पना, आपण कोणाला बोलावलं ते!

लांब टेबलावर आम्ही बसलो. पलीकडच्या बाजूला, बाबांच्या बरोबर समोर, एक म्हाताऱ्या बाई एकट्याच जेवत होत्या. सुती लुगडं, डोक्यावर पदर, हातभर बांगड्या, बाजूला व्हीलचेअर. त्यांना कोणीतरी इथे आणून बसवलं होतं आणि वेळ झाली की न्यायला येणार होतं, एवढं दिसत होतं. बाबांनी त्यांच्याकडे पाहून मान लववली. त्यांनीही लववली. मग बाबा जेवायला लागले, आणि मी पाहतच राहिलो. भात खाल्ला, डाळ पुन्हा मागितली, सुवारी खाल्ली. पुरीला आमच्याकडे सुवारी म्हणतात, आणि लग्नाच्या पंगतीत ती नसली तर पाहुणे घरी जाऊन बोलतात. "सुवारी बरी आहे," बाबा म्हणाले. इतकं सलग जेवताना मी त्यांना दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. मी गुपचूप फोटो काढून बहिणीला पाठवला. तिनं लगेच नुसतं जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं.

मी खूश होऊन चहा घेतला, एक गोड काहीतरी खाल्लं, आणि भिंतीवरच्या पडद्याकडे पाहिलं. आमच्या विमानासमोर 'बोर्डिंग' असं लिहून आलं होतं. त्या लाउंजमध्ये माईकवरून काही सांगत नाहीत, ज्यानं त्यानं पडद्यावर बघून निघायचं असतं. आणि आमचं गेट अगदी टोकाला होतं, हे मी येतानाच पाहून ठेवलं होतं.

"बाबा, आटपा. निघायचं आहे."

बाबांच्या ताटात एक घास भात उरला होता. नीट गोळा करून एका कडेला ठेवलेला. हात कोरडा पडत आलेला. बाबा तसेच बसून होते.

"बाबा?"

"थांब न."

"कायले थांबायचं? विमान थांबणार आहे का?" रागावलो की माझ्याही तोंडात गावची बोली येते, अर्धीमुर्धी.

"ते बाई जेवून राहिली."

"मग?"

"मंग काय? मी उठलो तं एकटी पडन न ते."

मी कपाळाला हात लावला, तो त्या दिवशीचा दुसरा की तिसरा. आमच्याकडे पंगतीतून कोणी मधेच उठत नाही. शेवटच्या माणसाचं होईपर्यंत सगळे पानावर बसून राहतात. मग एखादा वडीलधारा रांगेवरून नजर फिरवतो, "उठा आता" म्हणतो, आणि सगळी पंगत एकदम उठते. आता आमच्याकडेही लग्नात बफे आला आहे. बाबा त्याला 'फिरतं जेवन' म्हणतात, आणि अशा लग्नाला जाण्याआधी घरूनच जेवून निघतात. पण इथे विमानतळावर ही पंगत कुठून आली?

"बाबा, ती बाई आपल्या नात्याची का गोत्याची? तिला माहीतही नाही तुम्ही थांबलात ते."

"एका पंगतीत बसलो न आपून."

"आपली बाई तिकडे कॅनडात वाट पाहत आहे. बाळ वाट पाहत आहे. आणि तुम्ही इथं..." माझा आवाज चढला होता. आजूबाजूचे दोघंतिघं वळून पाहू लागले.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. एखाद्या लहान मुलाला समजावावं तसं हळूच म्हणाले, "तुही माय कवा जेवे, सांग बरं. सप्पायचं झाल्यावर न? तुमचं होये, माहं होये, गड्याचं होये, मंग ते बसे. सारे उठून गेले अन बाई एकटीच जेवून राहिली, बरं दिसते का ते? म्हनून मी एक घास ठेवून देत होतो. तिचं झालं की मंग खाचा अन सोबतच उठाचं."

मी उभा होतो तो खाली बसलो.

मला आमचं स्वयंपाकघर दिसलं. आम्ही भावंडं जेवून अंगणात पळालेलो असायचो. आत बाबा पाटावर, ताटात एक घास, हात वाळून गेलेला, तलावाला पाणी किती आलं, कोणाची रोवणी झाली, कोणाची म्हैस आटली, असलं काहीबाही बोलत बसलेले. आणि आई चुलीजवळ, आपलं ताट मांडीशी घेऊन, जेवत जेवत ऐकणारी. "उठा न आता, हात वाळून गेला तुमचा," असं ती म्हणायची, आणि बाबा म्हणायचे, "माहं कुठं झालं?" आई शेजारणींना हसून सांगायची, आमच्याकडच्या माणसाला जेवायला घंटाभर लागते. आम्हा भावंडांना तेच खरं वाटत आलं. आमचे बाबा हळू जेवतात. बस, एवढंच.

आणि आई गेल्यावर दोन घासांत का उठतात, हे डॉक्टरला विचारत फिरलो आम्ही. घास ठेवायचा तो कोणासाठी?

मला रडू आलं. एवढ्या लोकांत, हातात दोन पासपोर्ट धरून, पडद्यावर आमच्या विमानाची अक्षरं लाल झालेली असताना. आणि खरं सांगायचं तर रडू येत असतानाही, आता विमान चुकणार, ही धास्ती काही कमी झाली नव्हती. दोन्ही एकदमच चाललं होतं.

डोळे पुसताना माझी नजर समोरच्या बाईंच्या ताटाकडे गेली. त्यात अर्धी पुरी होती. मघाशी मी चहा आणायला गेलो तेव्हाही तेवढीच होती. आता ती पार कडक झाली होती. त्या बाईंचा हात ताटाच्या कडेवर, कोरडा. आणि त्या बघत होत्या बाबांच्या ताटाकडे.

मी हिंदीत विचारलं, "माँजी, आपको और कुछ लेना है?"

"नहीं बेटा," त्या म्हणाल्या, "मोर तो कब के हो गे. ये भइया खावत हे न, बीच म कइसे उठहूँ?"

छत्तीसगढी! गोंदियाच्या बाजारात रोज कानावर पडणारी. मी विचारलं, गाव कोणतं. डोंगरगढच्या जवळचं. म्हणजे गोंदियाहून गाडीत बसलं की आमगाव, सालेकसा, आणि त्याच्यापुढे लगेचच. नातवाकडे चालल्या होत्या. "हमर डहर पंगत ले कोनो बीच म नइ उठय," त्यांच्याकडेही पंगतीतून मधेच कोणी उठत नाही, हे त्यांनी मला समजावलं, जणू मीच काहीतरी विलायती होतो.

बाबांना छत्तीसगढी कळते. त्यांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या अर्ध्या पुरीकडे, मग आपल्या घासाकडे. आणि बाबा हसले. पोट हलेपर्यंत हसले. त्या बाईही पदर तोंडाला लावून हसू लागल्या. दोघंही कधीचे जेवून बसले होते, आणि एकमेकांना एकटं पाडायचं नाही म्हणून वाळल्या हातांनी एकमेकांची राखण करत होते. मी नसतो तर दोघांचीही विमानं निघून गेली असती आणि हे दोघं तसेच बसले असते, याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही.

"चला," मी म्हणालो, "आता दोघंही सोबत खा."

"लो दीदी," बाबा म्हणाले, त्यांच्या मोडक्या हिंदीत, "साथ में."

बाबांनी घास उचलला. बाईंनी पुरी मोडली, ती कुरकुर वाजली. दोघांनी खाल्लं, दोघं पाणी प्यायले. पंगतीत वडीलधारं माणूस म्हणतं ते म्हणायला तिथे दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मीच म्हणालो, "उठा आता."

बाबा उठले. त्या बाईंना हात जोडले. मग टेबलं पुसणाऱ्या बाईंना शोधून त्यांनाही हात जोडले आणि म्हणाले, "लय बरं जेवन झालं. येतो." त्या बाई गडबडून गेल्या. त्यांना असं कोणी सांगून जात नसावं.

मग आम्ही पळालो. म्हणजे मी पळालो आणि बाबा लांब लांब ढांगा टाकत माझ्यामागे. शेताच्या धुऱ्यावरून चालणारा माणूस, सरकत्या पट्ट्यावर चढायला तयार होईना, बाजूनंच चालला. अर्ध्या वाटेवर त्यांचा वेग कमी झाला. मला वाटलं, गुडघा. मागे वळून पाहिलं तर बाबा थांबले होते. काचेपलीकडे आमचं विमान उभं होतं आणि ते त्याच्याकडे पाहत होते.

"बाबू," म्हणाले, "मी नाही जात. तू जाऊन ये. पोरीले सांग, बाबाचं मन नव्हतं."

इतकं सगळं होऊन, दारात येऊन. मी तोंड उघडणार, एवढ्यात वरच्या कर्ण्यातून आवाज आला. एका बाईच्या आवाजात, आधी इंग्रजीत मग हिंदीत, बाबांचं नाव. पूर्ण नाव, आडनावासकट, आणि मग माझं. या प्रवाशांनी ताबडतोब गेटवर यावं, ही शेवटची सूचना.

बाबा वर पाहत राहिले. पुन्हा एकदा त्यांचं नाव आलं.

"मलेच बोलावून राहिले का?"

"तुम्हालाच. आता शेवटची हाक आहे."

बाबांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. जन्मभर ती शेवटची हाक त्यांनीच दिली होती, आणि ती ऐकूनही जो घरात बसून राहतो त्याच्याविषयी त्यांचं मत काय आहे, ते उभ्या गावाला ठाऊक आहे. "नाव घेऊन बोलावते म्हंजे जाच लागन," असं म्हणून ते माझ्या पुढे चालू लागले. गेटवरच्या मुलीलाही त्यांनी हात जोडले.

मी तिथे होतो तोवर आम्ही सगळे सोबतच जेवायचो, मग सुट्टी संपल्यावर मी परत आलो. बाबा तिथेच राहिले. त्यानंतर पहिल्याच आठवड्यात बहिणीचा फोन आला तेव्हा तिचा आवाज काळजीचा होता.

"दादा, बाबा जेवतात चांगले, पण फार वेळ लावतात रे. मी बाळाला झोपवून मागून जेवायला बसते, तोपर्यंत यांचं झालेलं असायला हवं ना? पण तसेच बसून असतात. ताटात एक घास पडलेला असतो आणि तो खातच नाहीत. गिळायला काही त्रास होत असेल का? दाखवू का कोणाला?"

मला तिला सगळं सांगायचं होतं. पण ते तिनं स्वतःच पाहावं असं वाटलं. मी म्हटलं, "आज जेवताना फोन समोर टेकवून ठेव. चालूच ठेव. आणि तू आपली सावकाश जेव."

तिनं ठेवला. तिच्याकडे संध्याकाळ होती, माझ्याकडे सकाळ, शाळेला निघायची वेळ. पलीकडे टेबलाशी बाबा, हात वाळलेला, बाळाच्या मुठीबद्दल आणि तिकडच्या बर्फाबद्दल काहीबाही बोलत. बहीण बाळाच्या खोलीकडे एक कान ठेवून जेवत होती. तिनं भात संपवला, शेवटचा घास खाल्ला, ताट सरकवलं.

बाबांनी आपला घास उचलला, खाल्ला, पाणी प्यायले. आणि म्हणाले, "हं. उठा आता."

बहीण उठली नाही. ती बाबांच्या रिकाम्या ताटाकडे पाहत राहिली. मग तिनं फोनकडे पाहिलं, माझ्याकडे, आणि विचारलं, "दादा, आईसोबतही असंच करायचे ना रे?"